पूलवाले काका आणि माझी हाडं

काकांनी मला वरचा मजला दिला तो मी मराठी होते म्हणून नव्हे, आणि सरकारी नोकरीत होते म्हणून तर मुळीच नव्हे. मी हात न टेकता पाच वेळा खुर्चीतून उठून दाखवलं, म्हणून दिला.

लखनौच्या महानगर भागात, कपूरथला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. मी सांगलीहून नोकरीनिमित्त नुकतीच आलेली, एकतीस वर्षांची, एकटी. हजरतगंजच्या आमच्या ऑफिसातल्या शिपायाने पत्ता देताना सांगितलं होतं, "मैडम, आपकी ही तरफ़ के हैं. पुल वाले साहब. थोड़े सनकी हैं, लेकिन दिल के साफ़ हैं." मी गेले तर बैठकीत मधोमध एक बिनहातांची लाकडी खुर्ची मांडलेली आणि समोर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ घड्याळ घेऊन बसलेले. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"दोन्ही हात छातीवर घे. उठ, बैस, उठ, बैस. पाच वेळा. कुठं टेकायचं नाही."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. आतून काकूंचा आवाज आला, "अरे, पहले पानी तो पीने दो बेचारी को! मग घ्या ना तुमची परीक्षा." काकूंचा जन्म लखनौचा, बालपण इथल्याच रेल्वे कॉलनीत गेलेलं. त्यांचं मराठी दोन पावलं चाललं की हिंदीत शिरायचं. तोवर मी उठबस सुरू केली होती. चौथ्या वेळी मांड्या थरथरायला लागल्या, पाचव्या वेळी दातओठ खाऊन उठले.

"चौदा सेकंद," काका म्हणाले. "या वयात हे बरं नाही. पण राहा वर. रोज जिना तर चढशील."

निघता निघता मी विचारलं, वर संडास घरात आहे की गच्चीवर. काकांनी चष्मा काढून ठेवला.

"पाणी किती वाजता येते ते नाही विचारलं, मीटर वेगळं आहे का ते नाही विचारलं. पहिले संडास विचारला. कोणतं आतडं? मोठं का लहान?"

पाच वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. सख्ख्या आईनेसुद्धा 'पोटाचं' यापलीकडे शब्द काढला नव्हता. मी म्हटलं, "लहान. क्रोन्स."

"माझं मोठं. कोलायटिस. तुझ्या वयाएवढं झालं ते आता."

हा आजार ज्यांच्या घरात नाही त्यांना समजावून सांगणं कठीण. शरीर आपल्याच आतड्याशी वैर धरतं. महिनोन्‌महिने सगळं शांत असतं, आणि मग एके दिवशी दहा-दहा वेळा धावाधाव, रक्त, ताप, अंगातलं त्राण गेलेलं. लोकांना वाटतं, पोटाचं आहे ना, मग तिखट सोडा आणि ताक प्या. पण तो आजार पोटात राहत नाही. तो मांस खातो, हाडं खातो, आणि उरलेलं काम त्याच्यावरची औषधं करतात. डॉक्टरांनी मला हे एकदा सांगितलं होतं, आणि मी ते कानाआड केलं होतं. काकांचं कानाआड करता येत नसे, कारण काका जिन्याच्या पायथ्याशीच बसायचे.

ते रेल्वेत पूल तपासायचे. मूळचे वर्ध्याचे, पण नोकरीची सगळी वर्षं गंगेच्या आणि शरयूच्या पुलांखाली गेली. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, काकांनी पुलाच्या सांध्यांतले रिव्हेट ठोकून बघायची हातोडी आणली. रिव्हेट घट्ट असला की आवाज खणखणीत येतो, सैल असला की बद्द. ती सवय काही सुटली नाही. सकाळी फाटकाचे गज, मग गॅसचं सिलिंडर, मग भाजीवाल्याच्या ठेल्यावरची कलिंगडं. भाजीवाला हात जोडून म्हणायचा, "बाबूजी, तरबूज़ है, पुल नहीं है." त्यावर काका म्हणायचे, "पुल होता तो तुम्हारे भरोसे छोड़ता क्या?"

गल्लीत सगळे हसायचे. मीही हसायची. पण एका सकाळी जिना उतरताना मी पाहिलं, काका अंगणात एकटेच बसले होते, विजार गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने आपल्याच नडगीवर हलकं हलकं ठोकत कान देऊन ऐकत होते. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. मी पाय न वाजवता परत वर गेले आणि त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोहोचले.

"पडताना आवाज होते," ते नेहमी सांगायचे, "सडताना नाही होत." हे ते पुलांबद्दल बोलत, पण बोलताना नजर माझ्या मनगटांवर असे.

त्यांच्या घरात वजनकाट्याला बंदी होती. त्याचं कारण मला पहिल्या हिवाळ्यात कळलं. माझा आजार उसळला होता. बावन्न किलोंची मी सेहेचाळीसवर आले. डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं, आणि दोन महिन्यांत काटा पुन्हा बावन्नवर. ऑफिसात बायका म्हणाल्या, "मैडम, अब चेहरे पर रौनक आई है." मी खुशीत येऊन रेवड्यांचा पुडा घेतला आणि काका-काकूंसमोर ठेवला. काका तेव्हा गच्चीवर होते. लखनौच्या थंडीत ऊन चोरासारखं येतं आणि जातं. काका आपली बाज त्या उन्हामागे गच्चीभर ओढत फिरवायचे, उघड्या पाठीला ऊन लागलंच पाहिजे म्हणून. हाडांना ऊन लागतं हे त्यांचं वेदवाक्य.

"बावन्न झाले," मी सांगितलं.

"अच्छा," काका म्हणाले आणि काकूंना हाक मारली. "टेप आण. हिची पोटरी मोज."

काकूंनी शिवणाच्या डब्यातला टेप आणला. वही काकांच्या उशाशीच होती. मी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी काकूंकरवी माझी पोटरी, दंड आणि कंबर मोजून त्यात लिहून ठेवली होती. सनकी माणूस म्हणून मी ते चालवून घेतलं होतं. आता पोटरी अडीच सेंटिमीटर कमी भरली, आणि कंबर चार जास्त.

"वजन परत आलं," काका वही मिटत म्हणाले. "तू नाही आली."

काकू म्हणाल्या, "काहीतरीच बोलता, बच्ची को डरा रहे हो."

"डरलीच पाहिजे. गर्डरचं लोखंड काढून घेतलं अन् आत वाळू भरली, तर वजन तेवढंच भरते ना? त्याच्यावर गाडी सोडशील? वजनकाटा सगळ्यात मोठा खोटारडा आहे."

त्या दुपारी मी आरशासमोर उभी राहिले. गाल फुगलेले, चेहरा गोल, पोट सुटलेलं, आणि दंड असे की बाहीत हरवतील. ती रौनक नव्हती, गोळीची सूज होती. आरशातली बाई मला माझी वाटेना. मी घाबरले हे कबूल करते. त्या दिवसापासून काकांनी मला कामाला लावलं. सकाळी दहा वेळा खुर्ची, संध्याकाळी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून दहा वेळा वरखाली. काकू ऑफिसच्या डब्यात उकडलेलं अंडं नाहीतर मुगाची धिरडी घालायच्या. मी सगळं निमूट करायची, आणि पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं ठेवायची.

आता ते सांगायलाच हवं. डॉक्टरांनी ती स्टेरॉइडची पांढरी गोळी हळूहळू कमी करून बंद केली होती आणि दुसरं औषध दिलं होतं. पण त्या गोळीचा गुण असा की घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहतो. ऑफिसचा दौरा असला, मोठ्या साहेबांची मीटिंग असली, सांगलीला लग्न असलं, की भीती वाटायची, तिथे संडास नसला तर? ऐन वेळी कळ आली तर? मग औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवायची, गोळ्या आणायच्या. आधी 'एक दिवसापुरती', मग 'आठवड्यापुरती', मग दिवस मोजणंच सोडून दिलं. माझ्या डॉक्टरीणबाई मोठ्या सभ्य, लखनवी. दर वेळी विचारायच्या, "स्टेरॉइड तो नहीं ले रहीं आप?" मी म्हणायची, "नहीं मैम." इतकं सहज म्हणायची की मला स्वतःलाच खरं वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात काकांनी गच्चीवर त्यांची गोष्ट सांगितली, रेवडी दाताखाली फोडता फोडता.

"नदीच्या मधोमध पुलाखाली पाळणा टांगते. त्यात मी अन् चार गँगमन. खाली पाणी, वर गाडी. तीन-तीन घंटे. तिथं संडास कुठून येणार? एक दिवस झालं. पँटमध्येच झालं. मी साहेब होतो त्यांचा. ते चौघं काही नाही बोलले. चौघांनी एकदम पाठ फिरवली, अन् नदी पाहत उभे राहिले. हसले असते तर बरं झालं असतं."

काकू उठून खाली गेल्या. काका म्हणाले, "त्याच्यानंतर मी गोळी घेतल्याशिवाय पुलावर पाय नाही ठेवला. बारा वर्षं. डॉक्टर एक म्हणायचा, मी दोन घ्यायचो. रिटायर झालो तेव्हा सोडली."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळच पाहिलं. पर्स माझ्या मांडीवर होती. मी ती उगाच दुसऱ्या बाजूला ठेवली आणि म्हटलं, "ऊन गेलं काका, चला खाली."

हाडांची तपासणी करायचं काकूंनी ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी मला डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव ते पाहणारं स्कॅन, करायला सांगितलं होतं आणि मी ते चार महिने टाळत होते. काकूंना चिठ्ठी माझ्या टेबलावर दिसली. त्यांनी दोघांचीही वेळ घेतली, मार्चमधली, एकाच दिवशीची. "दोनों साथ जाओ. कोणी पळून नको जायला," असं म्हणाल्या, आणि तसं म्हणताना त्या काकांकडे बघत होत्या.

आम्ही मेट्रोने हजरतगंजला गेलो. वाटेत काका जोरजोरात बोलत होते, कुठल्या स्टेशनवरचा संडास स्वच्छ, कुठल्या बँकेतला शिपाई आत जाऊ देतो, याचा नकाशाच त्यांना पाठ होता. तपासणीच्या जागी पोहोचल्यावर ते एकदम गप्प झाले. माझा नंबर आधी होता. उताणं झोपायचं, अंगावरून एक लांब हात सरकत जातो, दुखत नाही, खुपत नाही. तंत्रज्ञ म्हणाला, "हिलिएगा नहीं." मी हलत नव्हते. मी श्वाससुद्धा घेत नव्हते. त्या हाताला आतलं सगळं दिसतंय, लोखंड किती, वाळू किती, आणि खोटं किती, असं मला वाटत होतं.

बाहेर आले तर काका बाकावर नव्हते. त्यांचा नंबर दोनदा पुकारून झाला होता. शेवटी सापडले ते रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर, दिव्याच्या खांबाला हातोडीने ठोकत.

"काका, तुमचा नंबर आलाय."

"येऊ दे."

"काकू काय म्हणतील?"

त्यांनी हातोडी खिशात घातली. "तू ऐक. पूल तपासला की कागद बनतो. कागद बनला की गाडीचा वेग कमी करावा लागते. मग कोणीतरी लिहिते, बंद करा. असे किती पूल मी बंद केले. बंद पूल कसा दिसते, मला माहीत आहे. त्याच्यावर गवत येते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला नको सांगू."

या माणसाला मी कोणापुढे गयावया करताना पाहिलं नव्हतं. 'चला, मी आहे ना सोबत,' असं म्हणून त्यांचा हात धरायला हवा होता. पण चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय झालं? कैसा रहा?" काका म्हणाले, "माझं फर्स्ट क्लास. हाड एकदम खणखणीत." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

माझा कागद आठवड्याने आला. वयाच्या मानाने हाडं जितकी भरीव असायला हवीत तितकी नव्हती, आणि कंबरेजवळ तर फारच विरळ. स्नायूही कमी. सोबत माझ्या अंगाचं एक रंगीत चित्र होतं, चरबी एका रंगात आणि मांस दुसऱ्या. आपल्या आतल्या सगळ्याचं असं चित्र कोणी हातात देऊ नये. त्यानंतर मी कठड्याला धरून जिना उतरायला लागले. बसमध्ये चढताना मागून कोणी धक्का दिला की कानशिलं गरम व्हायची. शिंक आली तरी आधी बसून घ्यायची. बत्तीस वर्षांची बाई, चालायची ऐंशीची असल्यासारखी.

मी गोळ्या संडासात टाकून दिल्या. सगळ्या, एकदम. चौथ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी पायरीवर कोसळता कोसळता बसले. शिपायाने लिंबू-साखरेचं पाणी दिलं, ऑटोत बसवून घरी पाठवलं. इतके दिवस जे बाहेरून मिळालं ते शरीर स्वतः बनवायला विसरतं, म्हणून ती गोळी अशी तडकाफडकी सोडायची नसते, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की हिच्याशिवाय मी उभी राहू शकत नाही. संध्याकाळी मी नवं पाकीट आणलं. घेतली तरी भीती, नाही घेतली तरी भीती. आणि सांगायचं कोणाला? ज्यांना कळलं असतं, त्यांच्यासाठी मी आधीच एकदा खोटी मान हलवून बसले होते.

मलिहाबादच्या एका बागवाल्याची आणि काकांची जुनी ओळख होती. दरवर्षी जूनमध्ये तो दशहरी आंब्यांची पेटी पाठवायचा. त्या वर्षीही आली. त्याचा मुलगा ओसरीवर ठेवून गेला. काकू आतून ओरडल्या, "हात मत लगाओ, कामवाली बाई येईल आत्ता, ती आत आणेल." मी जिन्यावर होते. काका पेटीपुढे उभे राहिले, आधी हातोडीने तिची एक फळी ठोकून पाहिली, मग वाकले.

तिथून मी ओरडू शकले असते. मला एकटीलाच ठाऊक होतं की यांची हाडं कोणी तपासलेली नाहीत. माझ्या मनात ते आलं होतं, अगदी स्पष्ट आलं होतं, आणि मी पुढची पायरी उतरले.

पेटी गुडघ्यापर्यंत वर आली आणि थांबली. काकांनी ती हळूच परत खाली ठेवली, एकही आंबा न सांडता. पण ते सरळ झाले नाहीत. वाकलेलेच राहिले, दोन्ही हात पेटीवर.

"काका?"

"आवाज झाला," ते म्हणाले. "तू ऐकला?"

"नाही."

"मी ऐकला. आतून."

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता. पाठीचा मणका दबलाय, म्हणाला. एवढ्याशा ओझ्याने कसा, म्हणून त्याने चौकशी सुरू केली. "बाबूजी की हड्डियों की जाँच कभी हुई थी?"

"हाँ बेटा, मार्च में ही हुई थी," काकू पटकन म्हणाल्या. "बिलकुल ठीक आई थी. रिपोर्ट घर पर होगी." आणि माझ्याकडे वळून, "तू साथ थी ना? सांग ना यांना."

काका स्ट्रेचरवर डोळे मिटून पडले होते. मी म्हटलं, "काकू, नाही झाली. काका बाहेरूनच परत आले होते."

काकूंनी आरडाओरडा केला नाही. पर्स बंद केली, तिची चेन नीट ओढली.

"तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस," त्या म्हणाल्या. एकही हिंदी शब्द नसलेलं त्यांचं ते पहिलंच बोलणं मी ऐकलं.

पुढे तपासण्या झाल्या. दबलेला मणका एकच नव्हता. आणखी दोन आधीच गुपचूप बसलेले होते, कधी ते काकांनाही ठाऊक नव्हतं. नोकरीच्या कागदांवरच्या उंचीपेक्षा ते दोन इंच कमी भरले. घरी आणलं तेव्हा छातीपासून कंबरेपर्यंत पट्टा बांधलेला, आणि सांगितलेलं, उताणं पडून राहायचं, कूससुद्धा कोणी दोघांनी मिळून बदलायची. काकू माझ्याशी तीन आठवडे बोलल्या नाहीत. पण दोन्ही वेळचं झाकलेलं ताट कामवाली बाई न चुकता वर आणून द्यायची. त्या ताटांनी मला जेवढं रडवलं तेवढं त्यांच्या शिव्यांनी रडवलं नसतं.

एका रविवारी दुपारी बाईने निरोप आणला, बाबूजी बुला रहे हैं. मी खाली गेले. काका छताकडे बघत पडले होते. मिशा कोणी कापलेल्या नव्हत्या, त्या ओठांवर आल्या होत्या.

"जवळ ये. इकडे, दिसेल अशी. कधीपासून घेऊन राहिली?"

"काय?"

"बारा वर्षं खाल्ली त्याला विचारते, काय." त्यांना बोलताना धाप लागत होती. "हिवाळ्यातच ओळखलं मी. गाल पाहून. ते जिन्यात चक्कर येऊन बसली होती ना, तेव्हा सोडायला पाहिली होती तू एकदम. अन् परत सुरू केली."

"मग बोलला का नाहीत काका?"

"लाजवायचं नव्हतं तुला. पुलावर मला जसं कोणी लाजवलं नाही, तसं." त्यांनी ओठांवरच्या मिशा बाजूला सारल्या. "ते चौघं पाठ फिरवून उभे राहिले, मला वाटलं, किती भले लोक. मीही तेच केलं. तुझ्याकडे पाठ फिरवली. तूही माझ्याकडे फिरवली. एकानं जरी वळून पाहिलं असतं ना, पोरी..."

दारात काकू येऊन उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"फोन लाव," काका म्हणाले. "तुझ्या डॉक्टरीणीला. आत्ता, माझ्यासमोर. अन् गोळी आज नको फेकू. कशी कमी करायची ते तिला विचार, ती सांगेल तसं कर."

"उद्या लावते. आज रविवार आहे."

"तिने नंबर कायले दिला तुला? उद्या म्हणत म्हणत मी इथं पडलो."

मी नंबर काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मला सगळ्याची भीती वाटत होती. डॉक्टरीणबाई रागावतील याची, गोळी गेली की आजार पुन्हा उसळेल याची, ऑफिसात माझंही कधीतरी पुलावरच्यासारखं होईल याची. सगळ्यांत जास्त याची, की आता उशीर झालाय असं त्या म्हणतील. घंटी वाजत राहिली. मी मनात म्हणत होते, उचलू नका, उचलू नका.

"जी, बोलिए?"

"मैम, मैंने आपसे झूठ बोला था," मी म्हटलं. "मैं स्टेरॉइड ले रही हूँ. आपके बंद करने के बाद भी लेती रही."

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "कब से?"

मी खरं ते सांगितलं. पहिल्यांदाच पूर्ण हिशेब लावून, महिन्यांसकट सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज फुटला. काकू आत आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी काकांकडे पाहिलं. माणसाला रडू आलं की तो भिंतीकडे कूस वळवतो. काकांना कूस वळवायची मनाई होती, त्यामुळे ते आमच्यासमोरच रडले.